काचेमागची खुर्ची

या रविवारी मी चर्चला गेले नाही. माझी मैत्रीण डेल्फीन, तिचा फोन आला तेव्हा गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. गुडघा ठणठणीत आहे. चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर गेथर सर बसतात आणि त्यांच्यासमोर उभं राहायला मला तोंड उरलेलं नाही, एवढीच गोष्ट आहे. माझा नवरा ल्युशस तर सामन्याच्या दुसऱ्या दिवसापासून गॅरेजमध्येच बसतो. गवत कापायचं मशीन उघडलंय म्हणे. नोव्हेंबर लागला, गवत वाढायचं थांबलं, पण हा मशीन उघडून बसलाय.

लीथम विद्यापीठाचं स्वतःचं स्टेडियम व्हावं म्हणून आमच्या अख्ख्या गावानं जीव टाकला होता. आमची मुलं फुटबॉल, हातात चेंडू घेऊन पळायचा तो अमेरिकन, खेळायची ती अर्ध्या तासावरच्या शहरात, दुसऱ्यांच्या मैदानावर, त्यांना ते नको असेल त्या शनिवारी. भाडेकरूसारखं जायचं आणि भाडेकरूसारखं आवरून निघायचं. तिकडच्या मॅनेजरनं आमच्या बँडला जागा दिली होती एका टोकाच्या कोपऱ्यात, संडासाच्या भिंतीला लागून, स्कोअरबोर्डच्या खाली. आमच्या पोरांनी कर्णे ओठाला लावले रे लावले की डोक्यावरचा लाउडस्पीकर जुन्या मोटारींच्या जाहिराती ओरडायला लागायचा. किती वर्षं आम्ही त्या माणसाला शिव्या घातल्या असतील याचा हिशेब नाही. चर्चच्या पायऱ्यांवरसुद्धा घातल्या.

लीथमच्या सामन्याला निम्मे लोक बँडसाठी येतात, आणि उरलेले निम्मेही त्यासाठीच येतात पण कबूल करत नाहीत. मध्यंतराला आमच्याकडं कुणी जागेवरून हलत नाही. कितीही घाई लागलेली असो, दाबून बसतात. खायला-प्यायला उठायचं ते खेळ पुन्हा सुरू झाल्यावर. आणि सामना संपला, हरलो की जिंकलो याला महत्त्व नाही, तरी घरी जायचं नाही. चार भागांचा खेळ झाला की पाचवा भाग बँडचा. आपल्यांनी एक गाणं टाकायचं, समोरच्या बँडनं त्याला उत्तर द्यायचं, मग आपण त्यांचं उत्तर मोडून काढायचं. दिवेलागणीपर्यंत चालतं. माझं लग्न त्याच पाचव्या भागात जमलं. मी क्लॅरिनेट वाजवायची आणि ल्युशस अंगाभोवती गुंडाळायचा तो मोठा पितळी भोंगा, सूझाफोन. त्याचा तोल जाऊन तो माझ्या अंगावर पडला, तो आजवर उठलेला नाही, असं मी लोकांना सांगते.

हा बँड उभा केला अॅम्ब्रोज गेथर सरांनी. जन्म घातला त्यात. आता पंचाऐंशीच्या घरात आहेत, पण अजून ताठ चालतात, अजून पांढरे हातमोजे खिशात असतात. ल्युशस त्यांच्याकडं आला तेव्हा बापानं टाकलेला, जाडा, तोतरा मुलगा होता. वर्गात तोंड उघडायचा नाही. सरांनी त्याच्या गळ्यात सूझाफोन अडकवला आणि म्हणाले, “बोलता येत नाही तर फुंक.” त्या भोंग्याच्या जोरावर हा शिकला, पदवी घेतली, विमा कंपनीत साहेब होऊन निवृत्त झाला. आजही सरांचा फोन आला की हा उभा राहून बोलतो.

तर असा हा ल्युशस स्टेडियम समितीचा अध्यक्ष झाला. काय मिरवलं त्यानं! जेवायच्या टेबलावर नकाशे. मी ताट कुठं ठेवू विचारलं तर म्हणायचा, “पार्किंगवर ठेव.” जागाही ठरली ती बँडच्या जुन्या सरावाच्या मैदानाची, विद्यापीठाच्या ऐन मधोमध. त्या लाल मातीत नाचून आमच्या बुटांचे तळवे गेले होते. पहिली कुदळ पडायच्या आधी ल्युशस मला घेऊन सरांच्या घरी गेला. बायको मर्टल गेल्यापासून सर एकटेच राहायचे; व्हरांड्यात शेंगा सोलत बसले होते.

“सर, बँड मधोमध,” ल्युशस म्हणाला. “आपल्या बाजूला, बरोबर पन्नासच्या रेषेवर. कोपरा संपला आता.”

“वचन देतोयस की नुसती बातमी सांगतोयस?”

“वचन, सर.”

सरांनी हातातली शेंग सोलून टोपलीत टाकली. मग म्हणाले, “मर्टल गेल्यापासून मला फारसं काही नकोय रे. पाचवा भाग एकदा आपल्या घरच्या मैदानावर ऐकायचाय. तेवढा ऐकला की मी तिच्याकडं जायला मोकळा.”

परतताना ल्युशस गाडीत रडला. मीच गाडी चालवली.

नंतरच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तो मीटिंगवरून आला आणि ताटाकडं बघतच बसला. चवळी आणि मक्याची भाकरी केली होती, त्याच्या आवडीची.

“जेव की.”

“भूक नाही गं.”

“काय झालं मीटिंगमध्ये?”

“मधल्या जागांना गाद्यांच्या खुर्च्या करायच्या ठरल्यात. स्टेडियमला पैसे देणाऱ्या कंपनीचे लोक, मोठे देणगीदार, त्यांच्यासाठी.”

“आणि बँड?”

“उत्तरेच्या टोकाला.”

“टोकाला म्हणजे नेमकं कुठं?”

“कोपऱ्यात.”

“कशाच्या खाली?”

त्यानं पाण्याचा पेला सरकवला. मग हळूच म्हणाला, “स्कोअरबोर्डच्या.”

मला हसू आलं. रागानं हसू येतं तसं. “अरे मग संडास कुठं आहे तेही सांगून टाक.”

“जवळच आहे,” तो म्हणाला. माझा नवरा खोटं बोलत नाही, निदान तेव्हा तरी बोलत नव्हता.

“तू काय बोललास त्यावर?”

“सगळ्यांचं एकमत झालं.”

“सगळ्यांचं मला कळलं. तुझं काय?”

“मी मीटिंग चालवत होतो, व्हर्लीन.”

मूग गिळून बसणं याला समितीच्या भाषेत मीटिंग चालवणं म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. मग हळूहळू बाकीचंही बाहेर आलं. वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोल्या होत्या, त्यांना नकाशात सरकत्या काचा होत्या. त्या रद्द झाल्या. आता अख्खी बंद काच. कंपनीचे मिस्टर स्टॅनफिल म्हणाले होते की थंड हवा बाहेर जाते, शिवाय आवाजानं पाहुण्यांना एकमेकांशी बोलता येत नाही.

“कसला आवाज?”

तो भाकरीचे तुकडे करत राहिला.

“कसला आवाज, ल्युशस?”

“बँडचा,” तो म्हणाला.

ज्या मॅनेजरला आम्ही जन्मभर शिव्या घातल्या, तो निदान परका होता. इथं आमच्याच माणसांनी, आमच्याच जमिनीवर, आमच्याच पोरांना पुन्हा त्याच कोपऱ्यात नेऊन बसवलं होतं. आणि अध्यक्षाच्या खुर्चीवर माझा नवरा होता. मी त्याला म्हटलं, “उद्या जाऊन सरांना सांग.” तो म्हणाला, सांगतो. उद्याचा परवा झाला. भिंती वर आल्या, दिवे लागले, जांभळ्या खुर्च्या बसल्या, आणि दर रविवारी चर्चनंतर सर विचारायचे, “काय म्हणतंय आपलं घर?” आणि हा म्हणायचा, “वर येतंय, सर.” मी शेजारी उभी असायची. माझं तोंड गावभर चालतं, पण तिथं कधी चाललं नाही.

शेवटी ल्युशसनं एक तोड काढली. वरच्या पाहुण्यांच्या खोलीत, अगदी मधोमध, चामड्याची एक खुर्ची आणि तिच्यावर पितळी पाटी, ‘अॅम्ब्रोज गेथर’. समितीनं टाळ्या वाजवून मंजूर केलं. घरी येऊन मला सांगताना त्याचा चेहरा उजळला होता.

“खुर्ची देऊन तोंड बंद करतोयस त्यांचं,” मी म्हटलं.

“सन्मान आहे तो.”

“सन्मान असेल तर तुझा चेहरा एवढा सुटका झाल्यासारखा का दिसतोय?”

त्यावर तो अंघोळीला गेला. भांडणात हरायला लागला की त्याला अंघोळ आठवते.

आणि उजाडला तो शनिवार. माजी विद्यार्थ्यांचा सोहळा, त्यात नव्या स्टेडियमचा पहिला सामना. अलाबामाभरून लोक आले होते. सकाळपासून विद्यापीठाच्या हिरवळीवर तंबू, शेगड्यांचा धूर, बरगड्या भाजल्याचा वास. डेल्फीन तिच्या तंबूत मासे तळत होती. आम्हाला नटूनथटून लिफ्टकडं जाताना पाहून झारा हलवत ओरडली, “अगं बाई, महाराणी वर चालल्या! वरून आमच्याकडं बघून हात तरी हलवा हं!”

“मासे जाळू नकोस,” मी ओरडले.

“आणि काय गं, बँडला स्कोअरबोर्डखाली कुणी कोंबलं? शहरातला तो मॅनेजर इथं नोकरीला लागला काय?”

आजूबाजूचे सगळे खो-खो हसले. ल्युशसही हसला. त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

गेथर सर जांभळा कोट घालून आले. वर गेल्यावर ते त्या पितळी पाटीवरून बोट फिरवत राहिले. “मर्टल असती तर म्हणाली असती, पाटी जिवंतपणीच लावली, बरं झालं,” असं म्हणून हसले आणि बसले. खोलीत कंपनीचे पाहुणे होते, त्यांच्या बायका होत्या, टीव्हीवर दुसराच कुठला सामना मोठ्यानं चालू होता. सरांनी काचेतून खाली पाहिलं. पन्नासच्या रेषेवर गाद्यांच्या खुर्च्या, त्यातल्या निम्म्या रिकाम्या.

“आपली मुलं कुठं आहेत रे?”

ल्युशसनं कोपऱ्याकडं बोट केलं.

सरांनी मान वळवून पाहिलं. वचनाचं नाव काढलं नाही. “बरंय,” म्हणाले, “तिथं ऊन कमी लागेल त्यांना.”

मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण गडप होणार कुठं, खाली तर गाद्यांच्या खुर्च्या होत्या.

मध्यंतर झालं. बँड मैदानात उतरला. पुढं बँडची म्होरकी, ड्रम मेजर, यंदाची नवी मुलगी, कमरेतून मागं वाकत वाकत टोपीचा तुरा गवताला टेकवणारी. चारी बाजूंनी लोक उभे राहिले, हात वर. आमच्या खोलीत त्याच क्षणी वाढप्यांनी कोलंबीची तबकं आणली, आणि पाहुणे मैदानाकडं पाठ करून टेबलाकडं गेले. त्यांच्यात मध्यंतराला खातात. बाहेर कर्णे वर गेले, ढोल हलले, पोरांचे गाल फुगले. आत टीव्हीवर कुणीतरी चादरी विकत होतं.

सर पुढं सरकले. मग कानातलं मशीन काढलं, फुंकलं, पुसलं, पुन्हा घातलं. यंदाच लावलं होतं ते.

“ल्युशस, ही काच बंद आहे का रे?”

खरं तर सोपा प्रश्न. पण त्याला ‘हो’ म्हटलं की मागून ‘का’ येणार, आणि ‘का’च्या मागून सगळंच येणार. शेजारीच मिस्टर स्टॅनफिल कोलंबीची शेपटी हातात धरून उभे होते. ल्युशसनं घसा खाकरला.

“नाही सर, आवाज येतो की आत. तुमच्या मशीनची बॅटरी गेली असेल.”

“तुझं बोलणं ऐकू येतंय मला.”

“जवळचं येत असेल, सर.”

सर माझ्याकडं वळले. “व्हर्लीन, तुला येतंय ऐकू?”

मी मान हलवली. होकारार्थी.

का हलवली हे मी त्या दिवसापासून स्वतःला विचारतेय. घरी मी नवऱ्याला सोलून काढते, पण परक्या माणसांसमोर त्याला उघडं पाडायचं नाही, हे माझ्या आईनं हाडात भरलंय. त्याची अब्रू झाकायला मला हाताशी काहीतरी हवं होतं, आणि हाताशी सरांचे कान होते. लाज वाटते मला. लिहितानाही वाटते.

“असं होय,” सर म्हणाले. “डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, आधी लांबचं जातं.” त्यांनी तळहात काचेवर टेकवला आणि बँड मैदानाबाहेर जाईपर्यंत तसाच ठेवला. एकदाच बोलले, तेही आमच्याशी नाही. “वाटलं होतं, आणखी एक मोसम तरी मिळेल.”

उरलेला सामना मी पाहिला नाही. आम्ही जिंकलो, असं नंतर कळलं. शिट्टी झाल्या झाल्या सर उठले.

“मी निघतो रे.”

“सर, पाचवा भाग...” माझ्या तोंडून निघून गेलं.

“त्याचं आता मी काय करू, पोरी?”

ज्या माणसानं आयुष्यात कधी पाचवा भाग सोडला नाही, तो कोट सारखा करून दाराकडं निघाला. आता तरी बोल, मी मनात ल्युशसला म्हणत होते. आता तरी. ल्युशसनं पुढं होऊन सरांचं कोपर धरलं आणि लिफ्टचं बटण दाबलं. मीही पर्स वरच विसरून मागं गेले.

लिफ्ट खाली उघडते ती नेमकी उत्तरेच्या टोकाला, कोपऱ्यात बँड बसतो त्या पायऱ्यांच्या खाली. दार उघडलं आणि आवाज अंगावर आला. डोक्यावरच सगळा बँड होता. चर्चमधलं ते जुनं संथ गाणं, सरांनीच बँडसाठी बसवलेलं. आधी भोंगे एकटेच खालचा सूर धरतात, मग ट्रॉम्बोन, मग एकदम सगळे. जमीन हलत होती.

सर थांबले. कानातलं मशीन काढून हातात घेतलं. तसेच उभे राहिले. मशीनशिवायही येत होतं ऐकू.

“ट्रॉम्बोन,” ते म्हणाले.

“हो सर.”

“मग वर काय झालं होतं?”

ल्युशसचं तोतरेपण इतक्या वर्षांनी परत आलेलं मी तिथं ऐकलं. “का... काच, सर. उघडत नाही ती. तशीच बांधलीय.”

“कुणी?”

“मी.”

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्या बुटांकडं. चिडले असते तर बरं झालं असतं. आम्हाला ते रागवायचे तेव्हा आम्हाला कळायचं की अजून आपल्यात काही सुधारायला शिल्लक आहे. पण ते चिडले नाहीत. मग मशीन कोटाच्या खिशात टाकलं.

“मध्यंतरापासून मी देवाशी भांडत होतो,” ते म्हणाले. “म्हटलं, गुडघे घेतलेस, मर्टल घेतलीस, आता कानही? फार वाईट बोललो मी त्याला. विनाकारण.”

“सर, चुकलं माझं,” ल्युशस म्हणाला आणि पायऱ्यांपाशी त्यांचं कोपर धरायला गेला. सरांनी हात सोडवून घेतला. झटकला नाही, सोडवून घेतला.

“तू वर जा, ल्युशस. पाहुणे वाट बघत असतील तुझी.”

आणि कठड्याला धरून, एकेक पायरी, ते वर बँडकडं गेले. आम्ही त्यांच्या मागून जाऊ शकलो असतो. कुणी अडवलं नव्हतं. पण जा म्हटल्यावर आम्ही गेलो. सरांनी सांगितलेलं मोडायची आम्हाला सवय नाही, ज्या एका गोष्टीत मोडलं ती सोडून.

खोलीत कोलंबी संपली होती, पाहुणे पेले घेऊन बसले होते. मी माझी पर्स उचलली. काचेतून कोपरा दिसत होता. पोरं उभी राहिली होती, वाट करून देत होती. सर समोर, बँड चालवायच्या जागेवर गेले नाहीत. भोंगेवाल्यांच्या रांगेत बाकावर बसले, दोन दांडग्या पोरांच्या मध्ये. त्यांचं तोंड उघडं होतं. गात होते की रडत होते, तेवढ्या लांबून कळलं नाही.

मिस्टर स्टॅनफिल ल्युशसच्या शेजारी येऊन उभे राहिले. “ते मगाचचे म्हातारेबुवा ना? खाली काय करताहेत?”

“आमचे सर आहेत ते,” ल्युशस म्हणाला.

“असं? काय वाजवताहेत सगळे?”

“इथं ऐकू येत नाही.”

“चांगलंच आहे की!” मिस्टर स्टॅनफिलनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. “नाहीतर आपल्याला दोन शब्द तरी बोलता आले असते का?”

ल्युशस हसला. मीही हसले.